रेस देली का बसून जाते

"मोटर स्लोवर बराबर चालते जी, पन रेस देली का बसून जाते."

बोटीच्या जुन्या मोटरीविषयीची ही तक्रार. सांगणारा बोट चालवणारा माणूस, ऐकणारा साकोलीच्या हायवेवरचा मिस्त्री. या एका वाक्याचे रसग्रहण करावे असे पुष्कळ दिवस मनात आहे. त्यात एकही शब्द वायफळ नाही. मोटरीच्या पोटात काय चालले आहे याची निम्मी हकीकत त्यात आलेली आहे, आणि उरलेली निम्मी कुठे शोधायची याचा पत्ताही त्यातच आहे. तरी हे वाक्य फार थोड्या ठिकाणी पुरते ऐकून घेतले जाते. ‘बसून जाते’ एवढे कानावर पडताच ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आला असेल, खोलून टाकू’ असा निकाल होतो आणि पाना चालू लागतो. निकाल कधी बरोबरही निघतो. पण दहा मिनिटे प्रश्न विचारून जे कळले असते त्यासाठी मग दिवसभर मोटर उघडी पडते, आणि जोडताना एखादे गॅस्केट फाटले तर जुन्या दुखण्यात नव्याची भर पडते.

साकोलीत बोटीची मोटर कुठून आली, असे बाहेरच्या वाचकाला वाटेल. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. पण भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले तलाव इथे गावोगाव आहेत. चुलबंद नदी याच भागातून वाहत जाऊन वैनगंगेला मिळते. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत नवेगावबांधचा मोठा तलावही भंडाऱ्यातच होता. या तलावांवर ढिवर बांधव मासे धरतात ते डोंग्यातून, बांबूच्या रेट्यावर. शिंगाड्याच्या वेलींनी भरलेल्या उथळ पाण्यात मोटरीला कामच नाही. ती लागते सहलीच्या बोटीला आणि पुराला. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवर धरणाचे पाणी सोडावे लागले आणि वैनगंगेने भंडारा शहरासकट काठची गावे वेढली. खाली गोसेखुर्द धरणाचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले गेले. अशा वेळी छपरावर चढून बसलेल्या माणसाला रबरी बोट आणि तिच्या पाठीला अडकवलेली मोटर एवढाच आधार असतो.

ही पुराची मोटर वर्षातले नऊ-दहा महिने गोदामात पडून असते. मग एका रात्री तिने दोरी ओढताच पेट घ्यावा आणि भर प्रवाहात पूर्ण ताकद द्यावी अशी अपेक्षा असते. तलावातल्या फेरीत मोटर बसली तर बोट वल्ह्याने काठाला लागते. पुरात बसली तर बोट कुठे जाणार हे प्रवाह ठरवतो. त्या तक्रारीतली ‘रेस’ ही अशा जागची रेस आहे, म्हणून ते वाक्य अक्षर न अक्षर वाचले पाहिजे असे मला वाटते.

साकोलीच्या मिस्त्रीने अशी मोटर क्वचितच पाहिलेली असते, पण तो अगदीच अनोळखी मुलखात नसतो. राजदूत, लुना, चेतक, आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्यांवर ज्याचा हात बसला त्याला ती अर्धी ओळखीची वाटते. तीच पेट्रोलमध्ये ऑइलची मिसळ, तीच फ्लोटची वाटी, तीच सुई, तेच जेट. दोन फरक मात्र मोठे आहेत. गाडीचे इंजिन वाऱ्याने थंड होते, हे पाण्याने होते, म्हणून ही मोटर कोरडी चालवायची नाही. तिचा खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही, नाहीतर पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबरी पंखे पाहता पाहता जळतात. दुसरा फरक निदानाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. गाडीत टाकी वर आणि कार्ब्युरेटर खाली, त्यामुळे पेट्रोल आपसूक उतरते. बोटीत टाकी पायाशी आणि मोटर वर, त्यामुळे पेट्रोल चढवावे लागते. गाडीच्या अनुभवावर वाढलेला हात नेमका इथे फसतो. त्याच्या हिशेबात टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये एक नळी आणि एक कॉक असतो. इथे मध्ये आख्खा प्रवास आहे.

तो प्रवास डोळ्यांसमोर असल्याशिवाय वाक्याचा अर्थ लागत नाही. टाकीच्या झाकणावर हवा आत घेणारा छोटा स्क्रू. मग रबरी नळी, नळीच्या मध्यावर हाताने दाबायचा रबरी फुगा, त्यावर प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण. मोटरीपाशी कनेक्टर आणि त्यातली ओ-रिंग, पुढे फिल्टर, त्यापुढे पंप. हा पंप विजेवर चालत नाही. क्रँककेसमधला दाब प्रत्येक फेऱ्याला चढतो-उतरतो, त्यावर एक पातळ पडदा थरथरतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. मग कार्ब्युरेटरची वाटी. वाटीत फ्लोट वर आला की सुई रस्ता बंद करते, फ्लोट उतरला की उघडते. वाटीतून जेट, जेटमधून हवेचा गळा. गळा अरुंद होतो तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. इटलीच्या जोव्हानी बातिस्ता व्हेंतुरीने १७९७ साली वाहत्या द्रवांविषयी जे लिहिले त्यावरून त्या अरुंद जागेला आजही त्याचे नाव आहे. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी, बारीक छिद्रातून पेट्रोल त्या वाऱ्यात फवारण्याची युक्ती साधली. बोटीच्या पाठीला अडकवायच्या मोटरीचा पसारा ओले एविनरूडने १९०९ पासून अमेरिकेतल्या मिलवॉकीत वाढवला. त्याच्या नावाच्या मोटरी बनणे २०२० साली थांबले, पण तळाशी कल्पना तीच राहिली आहे: दाबातला फरक आणि एक छिद्र.

या छिद्राकडे थोडे थांबून पाहावे. मुख्य जेट म्हणजे करंगळीच्या नखाएवढा पितळेचा तुकडा, मध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे भोक. पितळेच्या भांड्यांसाठी ज्या जिल्ह्याचे नाव आहे तिथल्या माणसाला या धातूचे काय सांगावे. तो गंजून फुगत नाही, त्याला अचूक भोक पाडता येते आणि ते भोक वर्षानुवर्षे त्याच मापाचे राहते. मापाचे महत्त्व किती? एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत सांगायचे तर एक लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा. एवढ्या मोठ्या हवेच्या लोटात नेमके किती पेट्रोल सोडायचे, हा हिशेब कोणताही संगणक नसताना हे भोक करते. मला या रचनेतले सगळ्यात सुंदर काय वाटत असेल तर ते हे.

आता वाक्याकडे. ‘स्लोवर बराबर चालते.’

तक्रारीची सुरुवात चांगल्या बातमीने होते, आणि घाईचा श्रोता ती सोडून देतो. खरे तर एवढ्या तीन शब्दांनी पुष्कळ संशयित सुटतात. स्लोवर चालते म्हणजे करंट आहे. सिलिंडर निदान काम चालेल इतका दाब धरतो. स्लोचे जेट आणि त्याच्या बारीक वाटा उघड्या आहेत. त्या बुजल्या असत्या तर उलट तक्रार आली असती, की रेसवर चालते पण स्लोवर टिकत नाही. रीड व्हॉल्व्हच्या पात्या बसलेल्या आहेत; त्या तुटल्या असत्या तर स्लोवरच कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल मागे उडाले असते. आणि वाटीत पेट्रोल येते आहे, भले थेंबाथेंबाने का होईना.

‘बराबर’ या शब्दावर मात्र मिस्त्रीने पूर्ण विश्वास ठेवू नये. बोटवाल्याचा कान त्या आवाजाला सरावलेला असतो. दोन सिलिंडरच्या मोटरीत एक सिलिंडर दुबळा झाला तरी ती थरथरत स्लोवर चालत राहते, आणि रोज ऐकणाऱ्याला ती थरथर तिचा स्वभाव वाटू लागते. इथे पडताळा घ्यायचा तो साधा आहे. मोटर ड्रममध्ये स्लोवर चालू ठेवून एका प्लगचा करंट तोडायचा, पण वायर मोकळी न लटकवता इंजिनाच्या धातूला टेकवून, नाहीतर आतले इलेक्ट्रॉनिक युनिट जाते. आवाज पडला पाहिजे. मग दुसऱ्याचा. ज्याचा करंट तोडल्याने काहीच बदलत नाही तो सिलिंडर आधीपासूनच कामावर नव्हता. मग दोन्ही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावायचा. आकडा किती यापेक्षा दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत का हे पाहायचे. दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर पुढे जावे. एक बराच खाली असेल तर कार्ब्युरेटरचा विषय तिथेच मिटतो; रिंगा झिजलेल्या मोटरीचे जेट कितीही धुतले तरी ताकद येणार नाही. ही तपासणी शेवटी करतात, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. तिची जागा सुरुवातीला आहे.

‘पन रेस देली का.’

हा वाक्याचा सांधा. हँडल पिळले की एका वेळी तीन गोष्टी घडतात. गळ्यातली गोल पाती आडवी होऊन हवेला वाट देते. तिच्याशी जोडलेल्या दांड्यांमुळे बहुतेक जुन्या मोटरींत करंटची वेळ पुढे सरकते, म्हणजे ठिणगी लवकर पडू लागते. आणि पेट्रोलचे काम स्लोच्या बारीक वाटांकडून मुख्य जेटकडे जाते. या तिघांतले एकही मागे राहिले तरी मोटर अडखळते. म्हणून काही खोलण्याआधी, मोटर बंद ठेवून, हँडल पूर्ण पिळायचे आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहायचे: पाती खरोखर पूर्ण आडवी झाली का? करंटची वेळ सरकवणारी पाटी शेवटच्या टेकापर्यंत पोहोचली का? जुन्या मोटरीत प्लास्टिकचे बुश झिजतात, केबल सैल पडते, आणि माणूस पूर्ण रेस देतो तेव्हा मोटरीला अर्धीच मिळते. हा दोष नजरेने कळतो आणि तासाभरात दुरुस्त होतो. तोच सुटला की मग चांगल्या कार्ब्युरेटरची विनाकारण चिरफाड होते.

रेस कशी दिली हेही विचारावे. झटक्यात दिली तर बसते आणि सावकाश दिली तर चढते, असे उत्तर आले तर दोष त्या हस्तांतराच्या क्षणात आहे: मिश्रण तिथे पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी येते, किंवा ठिणगीची वेळ हवेच्या मागे राहते. सावकाश देऊनही एका ठरावीक जागेपुढे चढतच नाही, असे उत्तर आले तर मुख्य जेट आणि त्यामागचा सगळा प्रवास नजरेखाली येतो.

‘बसून जाते.’

वाक्यातला सगळ्यात श्रीमंत भाग हाच, आणि संदिग्धही. बसण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. जाणता मिस्त्री म्हणून विचारतो, "एकदम बंद पडते का हळूहळू दम सोडते, भाऊ?" बटण दाबल्यासारखी एका क्षणात गप्प झाली तर बहुतेक वेळा दोष करंटचा असतो: गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल, आतून तुटलेली वायर, किल-स्विचचा सैल जोड. दम हळूहळू गेला, आवाज खोल होत होत विरला, तर भूक पेट्रोलची. बसली पण बंद पडली नाही, अर्ध्या ताकदीवर गुरगुरत राहिली, तर बुजलेले मुख्य जेट किंवा एक मेलेला सिलिंडर. आणि आवाज चढतो पण बोटच पुढे सरत नाही, असे असेल तर मोटर बसलेलीच नाही. बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या मध्यातला रबरी गाभा सुटून दांडा आतल्या आत फिरतो आहे. पंख्याला वेली नि कमळाचे देठ गुंडाळले तरी ताकद गेल्यासारखे वाटते, मात्र तेव्हा आवाज चढण्याऐवजी दबतो. आमच्याकडच्या तलावांत ही शक्यता पहिली तपासावी.

हळूहळू दम सोडण्यातही किती वेळाने सोडते ते मोलाचे. पूर्ण रेसवर अर्धा-एक मिनिट झकास चालून मग बसते, पुन्हा स्लोवर आणली की सावरते, पुन्हा रेस दिली की तेवढ्याच वेळाने बसते: हे ऐकले की मला त्या तक्रारीत वाटी रिकामी होताना दिसते. नळाची धार बारीक आणि बादलीचे भोक मोठे, अशी स्थिती. स्लोवर खर्च कमी म्हणून धार पुरते. रेसवर खर्च वाढतो, साठलेले संपते. मग दोष कार्ब्युरेटरच्या आधीच्या प्रवासात आहे, आणि कार्ब्युरेटर खोलून धुतला तरी तो तसाच राहणार.

याची खात्री करून घेण्याची रीत इतकी सोपी आहे की तिच्यावर मी लुब्ध आहे. बोट पाण्यावर, एक माणूस हँडलवर, दुसरा नळीतल्या रबरी फुग्यापाशी. मोटर दम सोडू लागली की दुसऱ्याने फुगा दाबत राहायचा. ताकद परत आली, तर हाताने पंपाचे काम केले आणि मोटरीने ते मान्य केले. उत्तर मिळाले: पेट्रोल पोहोचत नाही. आता मागे चालत जायचे. झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो बंद राहिला की टाकीत पोकळी तयार होते आणि फुगा स्वतःच चपटा पडतो. नळीत हवा शिरते का, हे कनेक्टरजवळ पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बुडबुड्यांवरून दिसते. नळी बाहेरून धडधाकट आणि आतले अस्तर सुटून ओढीबरोबर मिटणारे, हाही जुन्या नळ्यांचा नेहमीचा दोष. शेवटी पंपाचा पडदा. तो कडक झाला तर पेट्रोल कमी ढकलतो. फाटला तर पेट्रोल भलत्याच वाटेने क्रँककेसमध्ये उतरते, आणि एकच प्लग सतत ओला निघू लागतो.

फुगा दाबून काहीच फरक पडला नाही तर दुसरा प्रश्न चोकने विचारायचा. मोटर बसत असताना चोक क्षणभर अर्धा ओढायचा. सावरली तर मिश्रण पातळ होते: वाटी भरलेली आहे पण जेटमधून पुरेसे बाहेर येत नाही. आता, आणि आताच, कार्ब्युरेटर खोलण्याचा अधिकार मिळाला. चोकने आणखी बिघडली, धूर काळा झाला, तर पेट्रोल जास्त आहे: सुई गळते आहे, फ्लोट वर बसला आहे, किंवा चोकची पाती मुळात पूर्ण उघडतच नाही. काहीच बदल नाही तर पुन्हा करंटकडे वळावे. एक हात फुग्यावर, एक चोकवर. कसलेही यंत्र न जोडता मोटर दोन प्रश्नांची सरळ उत्तरे देते. आजच्या इंजेक्शनच्या मोटरी कमी पेट्रोल खातात, कमी धूर सोडतात, थंडीत सहज पेट घेतात. त्या चांगल्याच आहेत. पण त्यांचे दुखणे स्कॅनर असलेल्या माणसालाच वाचता येते, आणि तो स्कॅनर साकोलीत असेलच असे नाही. जुन्या मोटरीचे दुखणे ज्याला ऐकता येते त्या प्रत्येकाला वाचता येते.

या तक्रारीत एक धोका आहे जो बोटवाल्याला दिसत नाही. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलबरोबरच मिळते, पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल किंवा जुन्या मोटरींत त्याहून दाट. म्हणजे पेट्रोल कमी पोहोचले की ऑइलही कमी पोहोचते, आणि पातळ मिश्रण जळताना उष्णता वाढते. बसणाऱ्या मोटरीला तसेच रेटत पूर्ण रेसवर घेऊन जाणे म्हणजे पिस्टनला भोक पाडण्याची तयारी. शंभर रुपयांच्या नळीचा दोष मग इंजिनावर येतो. ‘चालते ना कशीबशी, मग चालू द्या’ हा सल्ला या मोटरीपुरता तरी घातक आहे.

वाक्यात जे आलेले नाही तेही वाचावे लागते: पेट्रोल कधीचे? आठ-दहा महिने वाटीत राहिलेल्या पेट्रोलचा हलका अंश उडून जातो आणि मागे चिकट, लाखेसारखा थर उरतो. उग्र, आंबूस वासावरून तो ओळखू येतो. मुख्य जेटचे भोक त्याने किंचित जरी आवळले तरी रेसवरचा पुरवठा कमी पडतो. त्यात आता इथेनॉल आले. जून २०२२ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये १० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला, २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. इथेनॉल ऊस, मका आणि तांदळापासून बनते, त्यामुळे धान पिकवणाऱ्या या जिल्ह्याला त्याचे महत्त्व सांगायला नको. पण जुन्या मोटरीसाठी त्याचे परिणाम समजून घेतले पाहिजेत. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. झडीच्या दिवसांत अर्धी भरलेली, झाकण सैल असलेली टाकी पडून राहिली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर बसतो, आणि टाकीतली नळी पेट्रोल घेते ती तळाशीच. त्या थरात ऑइल जवळजवळ नसते. जुन्या रबराच्या नळ्या आणि पडदे इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात. शिवाय २० टक्के मिश्रणाला हवा कमी लागते, १४.७ ऐवजी सुमारे साडेतेरा पट. शुद्ध पेट्रोलसाठी मापलेले जुने जेट मग मुळातच थोडे पातळ मिश्रण देऊ लागते. ‘मागच्या वर्षी चांगली चालत होती’ या नेहमीच्या पुरवणीत हा सगळा बदल दडलेला असतो.

म्हणून खोलायची वेळ आली की पहिले काम वाटीच्या तळाचा स्क्रू काढून आतले पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेणे. पाणी असेल तर तळाशी थेंब गोळा होऊन लोळताना दिसतात. त्या बाटलीतला गाळ, रंग आणि वास पाहूनच पुढे काय सापडणार याचा अंदाज येतो. स्लोचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे गेला ते मोजून लिहायचे. नाहीतर जोडताना मूळ जागा कोणालाच ठाऊक नसते. जेटमध्ये तार घालू नये. तारेने भोक साफ होते पण कडा खरवडली जाते, आणि वर कौतुक केलेले ते माप कायमचे बिघडते. क्लीनर, हवेचा झोत, फार तर नायलॉनचा धागा. उजेडासमोर धरल्यावर भोक गोल, स्वच्छ दिसले पाहिजे. रबराचे आणि प्लास्टिकचे भाग क्लीनरपासून दूर ठेवायचे. सुईच्या टोकावर कडी उमटली असेल तर ती बदलायची. कार्ब्युरेटर उलटा धरला की फ्लोट बहुतेक रचनांत कडेशी समांतर राहतो का, ते पाहायचे. कार्ब्युरेटर दोन असतील तर दोघांच्या पात्या एकाच क्षणी उघडतात का, हे जोडताना जुळवायचे.

ड्रममध्ये मोटर छान चालली म्हणून समाधान मानता येत नाही. ड्रममध्ये पंख्यावर खरा भारच नसतो. तक्रार भाराखालची आहे, तर तिचे उत्तरही भाराखालीच तपासले पाहिजे. मोटर तलावावर न्यावी, लाइफ जॅकेट घालावे, किल-स्विचची दोरी मनगटाला अडकवावी आणि दोन माणसे बसवून पूर्ण रेसवर पाच-सात मिनिटे सलग चालवावी. स्लो अगदी शेवटी, गिअरमध्ये, पाण्यावरच लावायचा, आणि लावताना किंचित दाट बाजूला ठेवायचा. स्लोवर मोटर कार्ब्युरेटरमधून शिंकत असेल तर ती अजून पातळ आहे.

दाटपणालाही मर्यादा आहे. जुन्या टू-स्ट्रोक मोटरीत नीट जुळवूनही पेट्रोलचा बराच अंश, कधी पाव भागापर्यंत, न जळताच धुराबरोबर पाण्यात जातो. वाईट जुळणीत तो आणखी वाढतो. ज्या तलावात शिंगाडा लागतो आणि ज्याच्या मासळीवर घरे चालतात त्या पाण्यावर तेलाचा तवंग सोडत फिरणे मला मान्य नाही. अशी मोटर सहलीसाठी आता वापरू नये, पुरासाठी जपून ठेवावी, असे माझे मत आहे.

पूर्ण रेसवरून मोटर स्लोला न आणता एकदम बंद करायची आणि तिथेच, बोटीत, प्लग काढून पाहायचे. चिनी मातीच्या टोकावर बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर मुख्य जेट बरोबर देते आहे. पांढरे, खडूसारखे टोक असेल तर अजून पातळ. पुन्हा रेस द्यायची नाही. त्यावर चंदेरी कण दिसले तर पिस्टन वितळू लागला आहे. काळे, ओले असेल तर जास्त. एकच प्लग धुतल्यासारखा लख्ख असेल तर हेड गॅस्केटमधून त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरते का, ते पाहावे. दोन्ही प्लगचे रंग सारखे आले की काम झाले. मग टाकीतले उरलेले पेट्रोल काढून घ्यायचे, वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून तीही रिकामी करायची, आणि टाकीवर तारीख टाकायची.